फाटकाबाहेरचं हळदीकुंकू

आमच्या घराला शेजार नव्हता. आज बेलापूरच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिताना मलाच ते खोटं वाटतं, कारण इथे भिंतीपलीकडच्यांच्या मिक्सरने माझी सकाळ होते आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा कोणत्या विषयात नापास झाला तेही मला ठाऊक असतं. पण तेव्हा, तळोज्याच्या कारखान्यांच्या मागे डोंगराच्या दोन सोंडा जिथे जवळ येतात तिथे, एक खासगी गोल्फ क्लब होता आणि त्या क्लबच्या आवारात पार आतल्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. बाबा तिथे हिरवळीचे सुपरवायझर होते. दारात उभं राहिलं की समोर फक्त गवत दिसायचं. उतारावरून खाली वाहत गेलेलं, मध्ये वाळूचे खड्डे, एक तळं आणि मग पुन्हा चढ घेत थेट डोंगराच्या पायथ्याला जाऊन टेकलेलं गवत. शाळेतल्या मुलींना मी कधी वर्णन करून सांगितलं, तर त्या म्हणायच्या, काय मजा आहे तुझी. मी हो म्हणायचे. माणूस नसलेल्या सुंदर जागेत रोज संध्याकाळ कशी होते, हे त्यांना सांगता आलं नसतं आणि मलाही तेव्हा त्यासाठी शब्द नव्हते.

बाबा बारामतीकडचे. शेतकीचा डिप्लोमा केलेला, पण घरची शेती भावांच्या वाट्याला आणि यांच्या वाट्याला नोकरी. एका नर्सरीतून दुसऱ्या नर्सरीत करत ते या क्लबात आले आणि इथे त्यांचं मन असं बसलं की पुन्हा उठलं नाही. जिथे चेंडू भोकात घालतात त्या गोल, गुळगुळीत भागाला ग्रीन म्हणतात. त्या ग्रीनवर बाबांचा जीव होता. पहाटे उजाडायच्या आधी ते निघायचे आणि हातात लांब बांबूची काठी घेऊन गवताच्या शेंड्यांवरून अलगद फिरवत दव झाडायचे. दव राहिलं की गवताला रोग लागतो, असं ते सांगायचे. मला जाग यायची ती गवत कापायच्या यंत्राच्या घरघरीने. मग फवारे सुरू व्हायचे, छक छक छक छक, आणि ऊन वर आलं की लांबून काठीने चेंडू मारल्याचा टणक आवाज. मारणारा दिसायचा नाही. आवाज डोंगरावर आपटून परत यायचा. बाबा घरी आले की त्यांच्या पँटच्या घडीतून कापलेलं गवत खाली पडायचं आणि घरभर तो हिरवा, किंचित आंबूस वास पसरायचा. ते जेवताना फार बोलत नसत. बोलायचे ते गवताबद्दल.

आई फलटणची. तिचं माहेर अशा गल्लीत होतं की एका घरात फोडणी पडली की चार घरांत शिंका यायच्या. लग्नाआधी तिला एकटं बसणं माहीतच नव्हतं. इथे आल्यावर पहिली काही वर्षं तिने नेटाने काढली. पनवेलच्या बाजारातून ज्वारी आणायची, भाकरी थापायची, शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटायची. कुटताना मुद्दाम जोरात आवाज करायची, असं मला आता वाटतं. रेडिओ दिवसभर चालू असायचा आणि बातम्या देणाऱ्या बाईला ती उत्तरं द्यायची. खिडकीसमोरून खेळणारे लोक जायचे. पांढरे बूट, टोप्या, मागे पिशव्या वाहणारे. आई पदर सावरून खिडकीशी उभी राहायची. त्यांचं लक्ष चेंडूकडे असे. क्वार्टरकडे कुणी बघत नसे, कारण आमचं घर मेंदीच्या कुंपणामागे मुद्दामच अर्धंअधिक लपवलेलं होतं.

पावसाळ्यात तर क्लब बंदच असायचा. डोंगरावरून पाणी धबधबत खाली यायचं, ढग थेट दारापर्यंत उतरायचे आणि आठवडेच्या आठवडे आम्ही तिघं एकमेकांचीच तोंडं बघत असायचो. त्या दिवसांत बाबा खरे सुखात असत. छत्री घेऊन पाणी कुठे तुंबतंय ते बघत हिंडायचे. आई दाराशी बसून तांदूळ निवडायची, निवडलेले पुन्हा निवडायची. एकदा जेवायला वाढताना ती सहज बोलावं तशी बाबांना म्हणाली, “दिवसभर बोललं नाही ना, की संध्याकाळी घसा दुखतो हो.” बाबांनी मान वर केली, काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि मग मीठ मागितलं.

माझंही फार वेगळं नव्हतं. बाबा मला मोटरसायकलवरून नावड्याच्या शाळेत सोडायचे. क्लबचा नियम असा होता की कामगारांच्या घरी बाहेरचं कुणी यायचं तर सेक्रेटरी साहेबांची परवानगी हवी. मी चौथीत असताना माझ्या वाढदिवसाला एक मैत्रीण आली होती. तिच्या वडिलांनी फाटकाशी बराच वेळ वाट पाहिली आणि तिला परत घेऊन गेले. मला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं. आईने आणलेला केक आम्ही तिघांनी दोन दिवस खाल्ला. त्यानंतर मी कुणाला बोलावलं नाही. घरी आल्यावर दप्तर टाकायचं आणि कुंपणाच्या आतल्या बाजूने मुंग्यांच्या रांगेमागे चालत राहायचं, हा माझा खेळ. गवतावर जायची मला मनाई होती.

मग गोमाबाय आली. ग्रीनवरचं तण हाताने उपटावं लागतं. त्यासाठी खाडीकडच्या गावातल्या बायकांची एक टोळी क्लबने लावली आणि गोमाबाय तिची मुकादम. पन्नाशीची, काळी, ठेंगणी, आवाज असा की तळ्याच्या त्या काठावरून हाक मारली तर आमच्या खिडकीत ऐकू यावी. दुपारी या बायका आमच्या कुंपणाशेजारच्या शिवणीच्या झाडाखाली डबे सोडायच्या. पहिल्याच दिवशी गोमाबाय पाणी मागायला दाराशी आली आणि आईकडे नीट बघून म्हणाली, “ये बाय, तू या रानात एकटीच रातेस? भ्या नाय वाटत?” आई हसली. मग घागर घेऊन झाडाखाली गेली ती जेवणाची सुट्टी संपेपर्यंत परत आली नाही.

त्या वर्षाइतकी खुललेली आई मला पुढे बराच काळ दिसली नाही. त्यांच्या तांदळाच्या भाकऱ्या, पांढऱ्या, मऊ, घडी घालता येतील अशा. आईच्या ज्वारीच्या, कडक पापुद्र्याच्या. अदलाबदल व्हायची. गोमाबायने एकदा सुकट आणली. आमच्या घरी मटण व्हायचं, पण सुकी मासळी कधी शिजलेली नव्हती. आईने नाकाला पदर लावून ती परतली, खिडक्या उघड्या टाकल्या आणि बाबा आल्यावर त्यांना न सांगता वाढली. बाबा दोन भाकऱ्या जास्त जेवले. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट झाडाखाली सांगताना आई इतकी हसली की तिला ठसका लागला. शाळेतून आल्यावर मला दिवसभरातल्या बातम्या मिळायच्या. कुणाची सून रुसली, कुणी जमिनीच्या पैशातून तीन मजली घर बांधलं आणि आता जिना चढवत नाही म्हणून खालीच झोपतो. मी त्या बायकांना फारसं पाहिलेलं नव्हतं, सुट्टीच्या दिवशीच काय ते. पण आईच्या बोलण्यातून मला त्या सगळ्या पाठ झाल्या होत्या.

हे थांबलं ते अगदी साध्या कारणाने. कुणा सभासदाने तक्रार केली की खेळताना बायकांच्या हसण्याचा आवाज येतो. त्या आठवड्यापासून बायकांनी मागच्या फाटकालगतच्या शेडमध्ये जेवायचं, आवारात इतरत्र थांबायचं नाही, असं ठरलं. ही सूचना बायकांना द्यायचं काम बाबांवर आलं. त्यांनी ती दिली आणि घरी येऊन आईलाही सांगितलं.  ती पुढे बरेच दिवस बोलली नाही. स्वयंपाक करायची, धुणं धुवायची, माझी वेणी घालायची, पण रेडिओ लावायची नाही. दुपारी मी घरी आले की ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. मी विचारलं, बरं नाही का, तर म्हणायची, बरं आहे. मी तिच्या पाठीशी बसून गृहपाठ करायचे. दोघींच्या मध्ये हातभर अंतर असायचं आणि ते मला ओलांडता यायचं नाही.

पौष लागला तशी ती एके दिवशी उठली आणि बाबांना म्हणाली, मला संक्रांतीचं हळदीकुंकू करायचंय, गोमाबायला आणि तिच्या बायकांना घरी बोलवायचंय. लग्न झाल्यापासून एकदाही केलेलं नाही. बाबा म्हणाले, विचारतो. दोन दिवसांनी आईने पुन्हा काढलं तर म्हणाले, विचारलंय. हे खरं होतं. सेक्रेटरी साहेब म्हणाले होते, क्लबच्या वार्षिक कपचे सामने होऊन जाऊ देत, मग बघू. बाबांनी एवढंच सांगितलं नाही, आणि आईने ‘विचारलंय’चा अर्थ ‘हो’ असा घेतला आणि बायकांना आवतण धाडलं. मी पुष्कळदा विचार केला आहे की तिने तो अर्थ नकळत घेतला की समजून उमजून. त्या दिवसांतला तिचा चेहरा आठवला की मला वाटतं, तिला बाबांचा नकार ऐकायचा नव्हता आणि बाबांना तो द्यायचा नव्हता.

वाण म्हणून तिने पनवेलहून चहाच्या गाळण्या आणल्या. तिळाच्या वड्या केल्या. गुळाचा पाक पहिल्यांदा बिघडला, तो तिने पोह्यांत घालून संपवला आणि दुसऱ्यांदा केला. बैठकीच्या खोलीत सतरंजी घातली, माझ्याकडून दारात रांगोळी काढून घेतली. मेंदीच्या कुंपणावर तिने झेंडूची माळसुद्धा सोडली. नेमका तो दिवस कपच्या शेवटच्या सामन्याचा होता. क्लबहाउससमोर खुर्च्या मांडलेल्या, गाड्यांची रांग लागलेली, बाबा सकाळपासून तिकडेच. ऊन कलायला लागलं. आईने निळी नारायणपेठ नेसली होती. ती दारात उभी राहायची, आत यायची, वड्यांवरचं फडकं नीट करायची, पुन्हा दारात. शेवटी तिने मला मुख्य फाटकावर पाठवलं, बघून ये म्हणाली.

मी कुंपणाकडच्या कच्च्या रस्त्याने धावत गेले. फाटकाबाहेर बायका उभ्या होत्या. रोज गुडघ्यापर्यंत साड्या खोचून गवतात बसणाऱ्या बायका मला ओळखूच आल्या नाहीत. जरीच्या साड्या, अबोलीचे गजरे, गळ्यात ठसठशीत सोनं. पहारेकऱ्याने लाकडी दांडा खाली पाडून ठेवला होता आणि बायकांना आत सोडायचा त्याला हुकूम नव्हता. तो बिचारा नवीन होता आणि हात जोडून तेवढंच परत परत सांगत होता. गोमाबाय मला बघून दांड्याजवळ आली. तिचा तो मोठा आवाज त्या दिवशी खाली आलेला होता. “पोरी, आयशीला सांग, आमी आलेलो. त्याला म्हनावं रोज सकाली सोडतोस तवा आमी चालतो. आज नटून आलो त चालत नाय.”

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मला वाटलं ती पलंगावर जाऊन पडेल. तिने मोठ्या परातीत वड्या, गाळण्या, हळदीकुंकवाची कोयरी असं सगळं रचलं, परात कमरेवर घेतली आणि बाहेर पडली. कच्च्या रस्त्याकडे ती वळलीच नाही. सरळ गवतात उतरली. वळसा न घेता फाटकाकडे जायचं तर वाट खेळाच्या मैदानातून, शेवटच्या ग्रीनवरून, क्लबहाउसच्या अगदी पुढ्यातून जाते. ग्रीनच्या कडेला पोचल्यावर ती थांबली, चपला काढल्या, डाव्या हातात घेतल्या आणि अनवाणी ते ग्रीन ओलांडलं. हळूहळू, टाच न रोवता. मी तिच्या मागे होते. पायाखालचं गवत गालिच्यासारखं थंड लागलं. मी त्यावर पाय ठेवत होते तो जन्मात पहिल्यांदा. व्हरांड्यातलं बोलणं थांबलं. एक माणूस चेंडूवर काठी धरून वाकलेला होता, तो तसाच वाकून राहिला. खुर्च्यांच्या मागे, क्लबचा हिरवा कोट घातलेले बाबा दिसले. त्यांनी आईला बघितलं, मला बघितलं. आई थांबली नाही.

फाटकाच्या दांड्याखालून ती वाकून बाहेर गेली. फाटकापुढच्या रस्त्यातच बायकांनी पदरांनी धूळ झटकून बसायला जागा केली. आईने एकेकीला हळद लावली, कुंकू लावलं, हातावर वडी ठेवली.  मग गोमाबायने वडी चावत विचारलं की एवढी कडक कशी झाली, दात पाडायचा इरादा आहे काय, आणि बायका हसल्या. मग नाव घे म्हणून आईच्या मागे लागल्या. आई लाजत नको नको म्हणत राहिली. तोवर बक्षिसं वाटून झाली असावीत, कारण आतून गाड्या यायला लागल्या. पहिली गाडी सेक्रेटरी साहेबांची होती. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. पहारेकरी दांडा उचलायला धावला. दांडा उचलला असता तर गाडी बायकांच्या मधूनच गेली असती.

बाबा गाड्यांच्या बाजूने चालत आले. ते घाईत नव्हते. पहारेकऱ्याला त्यांनी हाताने मागे सारलं आणि दांड्यावर आपला हात ठेवून उभे राहिले. सेक्रेटरी साहेबांनी काच खाली केली आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, “माझ्या घरचं हळदीकुंकू आहे, साहेब. होईपर्यंत थांबावं लागेल.”

मी दांड्याच्या अगदी जवळ होते. हात त्यांनी काढला नाही. मागे गाड्या वाढत गेल्या. आईने वर पाहिलं. मग तिने कसलीही जुळवाजुळव न करता, यमक न लावता, सरळ बाबांचं नाव घेतलं. अख्खं नाव, आडनावासकट. शेवटच्या बाईला गाळणी देऊन झाली, बायका उठल्या, गोमाबायने आईच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि मग बाबांनी दांडा वर केला.

बाबांची नोकरी गेली नाही. त्यांच्यासारखं गवत राखणारा माणूस क्लबला सहज मिळाला नसता. पण क्वार्टरची जागा यंत्रांसाठी हवी आहे असं कारण निघालं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कोपरखैरण्याला एका बैठ्या चाळीवजा घरात राहायला आलो. दाराला दार लागून. आईला तर हवंच होतं ते. महिनाभरात तिने गल्ली आपलीशी केली. पापड, भिशी, भजनी मंडळ, कुणाच्या बाळंतपणाला डिंकाचे लाडू. गोमाबाय कधीमधी यायची, मग तर दोघींचा आवाज नाक्यापर्यंत. आईचा घसा आता बोलून बसायचा.

बाबा अंधारात उठून बसने जायचे आणि दमून परत यायचे. गल्लीतले पुरुष नाक्यावर कट्ट्यावर बसत. बाबा त्यांच्यात जाऊन पाहत आणि थोड्या वेळाने परत येत. वर्षं गेली, गुडघे गेले आणि नोकरी मुदतीआधीच सोडावी लागली. नोकरी सोडल्यावर ते मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागले. समोर दुसऱ्या घराची मोरी. मी तेव्हा कॉलेजात होते. एकदा आई भिशीला गेली असताना मी धीर करून विचारलं, त्या दिवशी दांडा धरला नसतात तर अजून तिथेच असतो ना आपण. ते म्हणाले, “दांडा धरल्याचं वाईट नाही वाटत मला. तुझ्या आईला तिथे काय होत होतं, ते मला दिसत होतं गं. पण असं आतून कसं वाटतं ते आता कळतंय. इथे एवढी माणसं आहेत आणि मला बोलायला काही सापडत नाही.”

हे मी आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारची भिशी, मंडळ सगळं तिने संध्याकाळवर ढकललं. दुसरी खुर्ची आणून मागच्या दाराशी त्यांच्या शेजारी ठेवली. आणि एवढ्या वर्षांत जे तिने कधी विचारलं नव्हतं ते विचारायला लागली. ते गवत कोणत्या जातीचं होतं, त्याला कोणता रोग यायचा, तळ्याकडच्या उतारावर पाणी का थांबत नव्हतं. बाबा सांगायचे. आधी तुटक, मग सलग, हात हलवून हलवून. तिला त्यातलं किती कळायचं देव जाणे, पण ती मध्येच असा काही प्रश्न घालायची की बाबा खुर्ची वळवून तिच्याकडे तोंड करून बसायचे. बाबा गेले तोवर या दुपारी चालू होत्या. पुढे आईही गेली.

त्या दुपारी चहा मी करायचे. दोन कप घेऊन मागच्या दारात उभी राहायचे, दोघांच्या मध्ये स्टुलावर ठेवायचे. थोडा वेळ तिथेच थांबायचे, काहीतरी सांगण्यासारखं आपल्याकडेही आहे का ते आठवत. मग आत येऊन पुस्तक उघडून बसायचे. बाहेर दोघांचं बोलणं चालू असायचं, आणि मी येऊन गेले हे त्यांना चहा निवल्यावर कळायचं.